बापाचे स्वप्न आणि मुलींची गाणी



नाताळ झाला की आमच्या टेबलावर दोन प्रकारच्या चिठ्ठ्या येऊन पडतात. पहिली, गोठ्यांच्या स्पर्धेत आमच्या आळीवर अन्याय झाला. दुसरी, गायकवृंदात आमच्या मुलीला एकटीने गाण्याचे कडवे का दिले नाही. पहिल्या प्रकारच्या चिठ्ठीला उत्तर देण्याची ताकद आमच्यात नाही, ती बहुधा कोणत्याच धर्मगुरूमध्ये नसावी. दुसरीविषयी मात्र आज बोलावेसे वाटते. कारण आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत, आणि आईवडील, मुले व गाणे ही तिन्ही आजच्या वाचनांत एकत्र आली आहेत.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय आपण घरी गेल्यावर पुन्हा एकदा काढून पाहावा. संत पौल तेथे प्रथम सांगतो की, अंतःकरणात कृतज्ञता ठेवून देवासाठी गात राहा. थोड्याच ओळींनंतर तो घरात शिरतो. मुलांना आज्ञाधारकपणा शिकवतो आणि लगेच बापांकडे वळून त्यांना बजावतो की, मुलांना इतके डिवचू नका की त्यांची उमेदच खचून जाईल. गाण्याचा उपदेश आणि बापाला दिलेली ताकीद इतक्या जवळजवळ का आली असावी, हा प्रश्न आम्हाला पूर्वी कधी पडला नव्हता. तो पडला तीन बहिणींच्या एका गाण्यांच्या तबकडीमुळे.

झाले असे. आपल्या युवक मंडळातील एक मुलगा तालमीनंतर आमच्याकडे आला आणि म्हणाला, “फादर, तुम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे ना? मग हे ऐका.” त्याने मोबाइलवर लावलेल्या संग्रहाचे नाव होते ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’, म्हणजे जगाचे तत्त्वज्ञान. आम्ही सावरून बसलो. आणि काय ऐकतो! दोन गिटार, दोन्हींचा सूर लागलेला नाही. ढोल एका दिशेने चालला आहे, गाणे दुसऱ्या. दोन मुली एकच चाल एकाच पट्टीत गात आहेत, आणि गिटार त्यांच्या प्रत्येक अक्षरामागून लंगडत येते आहे. दोन मिनिटांत आम्ही हात वर केला. तो हसून म्हणाला, “फादर, आता यांची गोष्ट ऐका.” ती त्याने थोडी सांगितली, उरलेली आम्ही शोधून वाचली.

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे. त्यातल्या फ्रेमाँट या छोट्या गावात ऑस्टिन विगिन नावाचा गिरणी कामगार राहत असे. घरची परिस्थिती बेताची. तो तरुण असताना त्याच्या आईने त्याचा हात पाहून तीन भाकिते केली होती. त्याची बायको तांबूस-सोनेरी केसांची असेल, आई वारल्यानंतर त्याला दोन मुलगे होतील, आणि त्याच्या मुली एक लोकप्रिय बँड काढतील. पहिली दोन भाकिते खरी ठरली. मग तिसरे खरे करण्याचे काम ऑस्टिनने स्वतःच्या अंगावर घेतले.

डॉरोथी ऊर्फ डॉट, बेटी आणि हेलन अशा तीन मुली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बापाने त्यांना शाळेतून काढले आणि पोस्टाने येणाऱ्या धड्यांवर त्यांचे शिक्षण सुरू ठेवले. कमाईतून गिटार आणि ड्रम घेतले, शिकवण्या लावल्या. दिवसाचे वेळापत्रक ठरले. सकाळी सराव, दुपारी सराव, मधल्या वेळात अभ्यास, आणि रात्री कवायत. मैत्रिणी नाहीत, फिरणे नाही. बँडचे नाव ठेवले ‘द शॅग्ज’. १९६८ साली जवळच्या एक्झिटर गावात कलागुणांच्या स्पर्धेत त्या पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि पेयांचे डबे फेकले, असे सांगतात. मुली शरमेने अर्धमेल्या झाल्या. बापाचे म्हणणे एवढेच, घरी चला आणि आणखी सराव करा.

मार्च १९६९ मध्ये तो त्यांना मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिव्हिअर येथील एका स्टुडिओत घेऊन गेला. तेथील माणसांनी सुचवून पाहिले की, मुलींची अजून तयारी झालेली नाही. पण बापाला घाई होती. बारा गाणी ध्वनिमुद्रित झाली. तबकडीच्या हजार प्रती छापल्या, पण त्यांपैकी शंभरच घरी पोहोचल्या आणि बाकीच्या नऊशे कोठे गेल्या ते कधीच कळले नाही, अशी हकिकत आहे. ज्या थोड्याफार प्रती बाहेर गेल्या, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तरीही फ्रेमाँटच्या नगरभवनात दर शनिवारी रात्री त्या वाजवीत राहिल्या, १९७३ पर्यंत. गावची पोरे येत, नाचत, टिंगल करीत. पुढे धाकटी बहीण रेचेलही बासवर साथीला आली. १९७५ साली ऑस्टिन विगिन हृदयविकाराच्या झटक्याने वारला. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचा. त्यानंतर बहिणींनी वाद्ये खाली ठेवली.

बंधुभगिनींनो, या बापाला नावे ठेवणे फार सोपे आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या २११६ व्या परिच्छेदात हस्तरेषा पाहून भविष्य वर्तविणे ख्रिस्ती श्रद्धेला मान्य नाही असे स्पष्ट सांगितले आहे. तेवढे वाचून दाखवावे आणि पुस्तक मिटावे. पण आम्ही घरोघरी आशीर्वाद द्यायला जातो तेव्हा काय ऐकतो? “फादर, हा आमचा इंजिनिअर.” इंजिनिअर पाळण्यात असतो! “ही परदेशात नर्स होणार, मावशीने आत्ताच सगळे बोलून ठेवले आहे.” “आमच्या घरात दर पिढीला एक धर्मगुरू, आता हिच्या धाकट्याचा नंबर.” या तिसऱ्या वाक्यावर आम्ही फार खूश होतो हे कबूल करतो. हात पाहणारी आजी आपल्या घरात नसली तरी भाकिते आपणही करतोच. आणि मूल मोठे होऊ लागले की ते भाकीत खोटे पडू नये यासाठी कष्ट उपसतो. कर्ज काढतो, शिकवण्या लावतो, दागिने गहाण ठेवतो. ऑस्टिन विगिनने याहून वेगळे काय केले? गिरणीतल्या मजुरीतून त्याने वाद्ये विकत घेतली. त्याचे आपल्या मुलींवर प्रेम नव्हते असे आम्ही म्हणू शकत नाही. तबकडीच्या वेष्टनावर त्याने स्वतः मजकूर लिहिला, त्यात आपल्या मुली किती खऱ्या आणि निर्मळ आहेत हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो.

सेमिनरीत आम्हाला कांट शिकविणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे, हे कांटचे तत्त्व समजावून देताना ते नेहमी म्हणत की, शत्रूला साधन म्हणून वापरणारे कमी, स्वतःच्या मुलांना वापरणारे पुष्कळ. आम्ही पंचविशीत होतो, हे आम्हाला विनोदी वाटायचे. आता लग्नाच्या तयारी शिबिरात समोर बसलेल्या जोडप्यांना आम्ही तेच सांगतो, तेव्हा तीही हसतात.

आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात मागे राहतो. तीन दिवसांच्या शोधाशोधीनंतर मरिया आणि जोसेफ यांना तो सापडतो. आई रागावते, आणि कोणती आई रागावणार नाही? तेव्हा मुलगा विचारतो की, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? संत लूक पुढे जे सांगतो त्याच्यावरून आपण फार घाईने पुढे जातो. आईवडिलांना त्याचे बोलणे कळले नाही. देवाची माता आणि नीतिमान जोसेफ, त्यांनाही स्वतःच्या मुलाचे कळले नाही! म्हणून त्यांनी काही त्याला हिसका दिला नाही. तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि जे कळले नव्हते ते मरियेने मनात जपून ठेवले. जोसेफचे सुतारकाम होते, हाताखाली मुलगा होता, धंदा पुढे चालायला हवा होता. त्या घरात असे भाकीत कोणी केले असेल की नाही कोण जाणे. पण केले असेल तर ते सोडून दिले गेले. ऑस्टिनचे दुर्दैव असे की, त्याला आपल्या मुलींविषयी सगळे आधीच कळलेले होते.

आता मुलींकडे पाहू. एवढा वेळ आम्ही बापाविषयीच बोललो, आणि त्या घरातही तेच होत होते.

या बारा गाण्यांचे शब्द आणि चाली बहुतेक डॉटच्या. बापाने वेळ दिली, वाद्य दिले, कोंडूनही ठेवले. पण गाण्यात काय म्हणायचे हे त्याला सांगता आले नाही. एक गाणे हरवलेल्या लाडक्या मांजराविषयी आहे. एक हॅलोवीनच्या सणाविषयी. जे गाणे सगळ्या संग्रहाला नाव देऊन गेले, त्यात ही मुलगी म्हणते की, श्रीमंताला गरिबाजवळचे हवे असते आणि गरिबाला श्रीमंताजवळचे, जगात सगळ्यांना खूश ठेवणे कोणाला जमत नाही. उपदेशकाच्या पुस्तकापासून फार लांब नाही हे! तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकून आम्हीही फारसे पुढे गेलो असे वाटत नाही. एका गाण्याचा विषय आहे, आपल्याला तारणारा आहे. आणि एक गाणे चक्क विचारते की, आईवडील म्हणजे कोण. त्याचे उत्तरही तेच गाणे देते. जे नेहमी आपली काळजी घेतात ते. शाळेतून काढलेली, मैत्रिणींपासून तोडलेली मुलगी हे गाते. ते खरोखर मनापासून होते की बापाला ऐकवण्यासाठी होते? आम्ही ते गाणे तीनदा ऐकले. आम्हाला वाटते, त्या मुलीला दोन्ही सांगायचे होते. मुलांची आज्ञाधारकता कधी कधी अशी असते, बंधुभगिनींनो. तिच्यात प्रेमही असते आणि विनवणीही. ऐकणाऱ्या बापाला एकच ऐकू जाते.

आणि त्या घरात विनवणी कितपत ऐकली जाई हे हेलनच्या गोष्टीवरून दिसते. ती ड्रम वाजवी. शनिवारच्या नाचाला येणाऱ्या एका तरुणाशी तिने लपून लग्न केले आणि ते सांगण्याचे धैर्य होत नाही म्हणून पुढे काही महिने ती बापाच्याच घरात राहिली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती असे वाचले. अठ्ठावीस! आमच्याकडे लग्नाची चिठ्ठी मागायला येताना ज्यांचे हात थरथरतात अशा मुली आम्ही पाहिल्या आहेत, म्हणून हे आम्हाला अमेरिकेतले वाटत नाही.

त्या ध्वनिमुद्रणाची एक आठवण सांगतात. मुली वाजवता वाजवता मध्येच थांबत. एकीची चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. काचेपलीकडे बसलेली माणसे एकमेकांकडे पाहत. चूक झाली हे यांना कळले कसे? त्या सगळ्या गोंधळात बरोबर काय होते की ज्यावरून चूक ओळखावी? ही आठवण लोक हसण्यासाठी सांगतात. आम्हालाही प्रथम हसू आले. नंतर मात्र आमचे डोके त्यावरून हटेना. म्हणजे त्यांच्या कानात एक गाणे होते! ते कसे असायला हवे हे तिघींना ठाऊक होते, तिघींना सारखेच ठाऊक होते, आणि त्यात जरा कमीजास्त झाले की त्यांना चालत नसे. एवढी वर्षे एका घरात, एका छपराखाली, एकत्र कोंडून काढलेल्या बहिणींनाच जे ऐकू येईल, असे काही तरी.

संत थॉमस अक्वायनस सौंदर्याला तीन गोष्टी लागतात असे सांगतात. वस्तूचे पूर्णत्व, भागांचा एकमेकांशी मेळ, आणि तेज. पदवीच्या परीक्षेत यावर आम्हाला बरे गुण मिळाले होते. त्या मापाने ही गाणी नापास आहेत हे आम्ही लपवीत नाही. मेळ तर औषधालाही नाही. मोठ्या लोकांनी काय म्हटले म्हणून जे वाईट वाजले ते चांगले वाजले असे आम्ही म्हणणार नाही. १९८० मध्ये काही संगीतकारांच्या खटपटीने ही तबकडी पुन्हा निघाली. निर्वाना या बँडच्या कर्ट कोबेनने स्वतःच्या आवडत्या संग्रहांच्या यादीत ती लिहून ठेवली होती. १९९९ मध्ये डॉट आणि बेटी यांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा गाणी सादर केली. त्यांच्या आयुष्यावर संगीत नाटकही झाले. या कौतुकात खरे किती आणि गंमत पाहण्याचा भाग किती, कोण सांगणार? नगरभवनात टिंगल करणारी पोरे निदान तोंडावर करीत होती. तरी तेज या शब्दापाशी आम्ही अडखळतो. कसलीही नक्कल न करता, कोणाला दिपवण्याचा हिशेब न ठेवता, आपल्याला जे वाटते ते म्हणणाऱ्या त्या दोन पातळ आवाजांत काही तरी आहे. कबूल करायला हवे, त्याच दिवशी रात्री जपमाळेनंतर आम्हाला मांजराचे ते गाणे आठवत होते.

हेलन २००६ मध्ये वारली. डॉटने २०१३ मध्ये, बाप जाऊन अडतीस वर्षांनी, स्वतःच्या मर्जीने स्वतःचा एक संग्रह काढला. या वेळी सरावाला या म्हणून दाराशी कोणी उभे नव्हते. एवढे कळल्यावर आम्हाला फार बरे वाटले.

आता जे सांगायचे आहे ते जरा अवघड आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. नवे होतो, उत्साह दांडगा. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी मुलांचा गायकवृंद बसवीत होतो. शेजारच्या धर्मग्रामापेक्षा आमचे गाणे सरस व्हायला हवे, असे आम्ही मनात ठरवून टाकले होते. हेही एक भाकीतच, नाही का? गायकवृंदात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. तालमीला सर्वांत आधी यायचा, खुर्च्या लावायचा, सर्वांत मोठ्याने गायचा, आणि एकही सूर जागेवर नसायचा. शेवटच्या तालमीला आम्ही त्याला बाजूला घेतले आणि अगदी प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून सांगितले, “बाळा, उद्या तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस.” त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या रांगेत उभा राहिला आणि एक तासभर ओठ हलवीत राहिला. मिस्सा सुंदर झाली. सगळ्यांनी आमचे अभिनंदन केले.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जाहीरनामा काढला. श्रद्धावंतांनी उपासनेत मुके प्रेक्षक बनून न राहता सक्रिय भाग घ्यावा, असा त्याचा आग्रह आहे. तो जाहीरनामा आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. आणि आम्ही एका मुलाला देवासमोर मुके केले, तेही देवाच्या जन्माच्या रात्री. फ्रेमाँटचा तो बाप हट्टी होता, वेडा होता म्हणा, पण त्याने आपल्या मुलींना ओठ हलवा असे कधी सांगितले नाही. हे आम्हाला त्या युवकाचा मोबाइल परत देताना सुचले आणि आम्ही थोडा वेळ गप्पच झालो.

मागच्या महिन्यात तो मुलगा एका लग्नात भेटला. आता मुलगा कसला, त्याच्या कडेवर चार वर्षांची लेक होती. त्याने आम्हाला ओळखले, आनंदाने बोलला, घरी बोलावले. आम्हीच तो विषय काढला आणि क्षमा मागितली. तो हसला. “जाऊ द्या हो फादर, किती जुनी गोष्ट!” मग मिस्सा सुरू झाली. आम्ही वेदीवर होतो, तो चौथ्या की पाचव्या बाकावर. प्रवेशगीत सुरू झाले तेव्हा आमचे लक्ष तिकडेच होते. लेक बापाच्या कडेवरून जोरात, बेसूर, शब्द समजेल तसे गात होती. बाप तिच्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज येत होता की नाही हे आम्हाला वेदीवरून कळले नाही.

आपल्या धर्मग्रामाच्या बालगायकवृंदाची नावनोंदणी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात होईल. वय सात ते चौदा. या वर्षी आवाजाची चाचणी घेतली जाणार नाही. गायकवृंदाच्या शिक्षिकांशी आम्ही बोललो आहोत. त्या थोड्या नाराज आहेत आणि त्यांचेही बरोबर आहे, कारण सूर शिकवण्याचे कष्ट त्यांनाच पडणार आहेत. ते कष्ट कमी होणार नाहीत, तालीम दर शनिवारी नेमाने होईलच. पालकांना एक विनंती आहे. नाव नोंदवायला मुलाला बरोबर आणा आणि ‘यायचे आहे का’ हे आम्हाला त्यालाच विचारू द्या. तो नाही म्हणाला तर कृपया त्याला बाहेर नेऊन समजावू नये.

प्रभू येशू, मरिया आणि जोसेफ आपल्या घरांवर कृपादृष्टी ठेवोत.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू